प्रवाशांनी नोंद घ्यावी

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडावर नव्वदच्या दशकात ज्यांनी ज्यांनी गाडी पकडली, किंवा चुकवली, त्या सगळ्यांना कंट्रोलरकाकांचा आवाज ठाऊक आहे. चेहरा कुणालाच ठाऊक नाही. जाळीच्या खिडकीआड बसून ते माईक तोंडाशी ओढायचे, एकदा खाकरायचे आणि अख्ख्या स्टँडाला ऐकवायचे, “उंब्रज, कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा मार्गे सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी.” बाकीचे कंट्रोलर हे दोनदा सांगत. काका तीनदा सांगायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “एकदा ऐकणाऱ्यांसाठी, एकदा भांडणाऱ्यांसाठी, आणि एकदा मुतारीत गेलेल्यांसाठी.”

खात्यात त्यांचं फारसं कुणाशी जमलं नाही. गाडीला पाटी लावली की आपलं काम संपलं, असं मानणारे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्या डोक्यात जायचे. “पाटी कुणाची? ज्याला दिसतं, ज्याला वाचता येतं आणि जो गाडीच्या तोंडाशी उभा आहे, त्याची. आणि गाडी कुणाची? तिकीट काढील त्याची.” एवढं बोलून ते मेमो लिहायला घ्यायचे. सत्तर वर्षांची म्हातारी गाठोडं घेऊन बाकावर बसलेली असते, शेजारी परगावचा मुकादम असतो, कडेवरचं पोर रडतंय म्हणून पाठमोरी उभी राहिलेली बाई असते. या सगळ्यांची गाडी चुकली तर चूक त्यांची नव्हे, कंट्रोलरची, हा काकांचा सेवानियम. तो एस.टी.च्या कुठल्याही पुस्तकात छापलेला नव्हता.

निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली आणि एक दिवस मधलीही गेली. डॉक्टरांनी अगदी हळुवारपणे सांगितलं, की गेलेली नजर या आजारात परत येत नाही. काका दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “ठीक आहे, गाडी रद्द. पर्यायी व्यवस्था काय?”

डॉक्टरांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. पर्यायी व्यवस्था शेवटी नातवानं केली. जुन्या लॅपटॉपवर त्यानं एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर टाकून दिला. मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. त्याचा मराठी आवाज यंत्राचा, सपाट, भावनाशून्य. घरच्यांना वाटलं, काकांना तो सहन व्हायचा नाही. काकांनी पाच मिनिटं ऐकला आणि शिफारस केली, “उच्चार स्पष्ट. नाटकीपणा नाही. खात्यात घेण्यासारखा माणूस आहे.” आता ते तो इतक्या वेगात लावतात, की शेजारी बसलेल्याला एकही शब्द सुटा ऐकू येत नाही. काका मात्र त्यातून जोडाक्षरांच्या चुका काढतात.

काकांच्या अंधत्वाबद्दल गावाची एक कल्पना आहे आणि ती काकांना अजिबात मान्य नाही. डोळे गेलेला माणूस म्हणजे अंतर्मुख, सोशिक, अभंगात रमणारा. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण प्रवचनाची सीडी आणतो. काकांकडे अशा सीडींचा गठ्ठा आहे, तो ते दुसऱ्या भेटायला येणाऱ्यांना वाटतात. त्यांना वाचायच्या असतात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. धनंजय, झुंजार, काळा पहाड. सबंध नोकरी त्यांनी रात्रपाळीत हेच वाचलं आणि उरलेलं आयुष्यही हेच वाचायचं ठरवलंय. “खून कुणी केला ते कळल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि तुम्ही मला मोक्ष काय देताय?” असं त्यांनी एका सत्प्रवृत्त गृहस्थांना सुनावलं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. सीडीही परत मागितली नाही.

स्वभावानं काका गोड वगैरे नाहीत. बँकेत रांग दिसली की पांढरी काठी पुढे करून थेट काउंटरला जातात, आणि कुणी आपण होऊन जागा दिली तर “का हो, मला पाय नाहीत?” म्हणून त्याला ओशाळवाणं करतात. उधार घेतलेली छत्री परत करत नाहीत. वाचनालयाचं पुस्तक तर अजिबात नाही. या शेवटच्या दोषानंच पुढचा सगळा इतिहास घडवला.

साताऱ्यातलं ते वाचनालय जुनं आहे. नाव सांगत नाही, कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशी वाचनालयं बरीच आहेत आणि प्रत्येकाला हे आपल्याबद्दलच वाटेल. तिथले चिटणीस हाही एक नमुनाच. सफारी, खिशाला दोन पेनं, प्रत्येक वाक्याआधी “तसं बघायला गेलं तर”. त्यांनी वाचनालयाची वेबसाइट काढली आणि उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं, की तसं बघायला गेलं तर आपला जिल्हाच पुस्तकांचा. वाईत मराठी विश्वकोश तयार झाला, ४ मे २०१७ पासून महाबळेश्वराच्या वाटेवर भिलार हे पुस्तकांचं गाव झालं, आणि आता आपलं वाचनालयही सर्वांसाठी, घरबसल्या, चोवीस तास खुलं.

“सर्वांसाठी” हा शब्द कानावर पडला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी मान वर केली. मला कोपरानं ढोसून म्हणाले, “मास्तर, उद्या घरी या. तपासणी आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडला. वेग माझ्यासाठी कमी केला. वेबसाइट सुरू झाली ती सनई-चौघड्यानं. सनई आपोआप वाजते, बंद करायचं बटण असतं, पण ते कुठं आहे हे सांगणारा आवाज सनईखाली दबून जातो. काका शांतपणे ती संपायची वाट पाहत बसले. संपल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेवढ्यात यंत्र बोलायला लागलं. “ग्राफिक. आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार सात डॉट जेपीजी.” हे संस्थापकांचं तैलचित्र. “ग्राफिक. डब्ल्यूए शून्य शून्य एक दोन.” हे विद्यमान अध्यक्ष. मग “लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा.” असं सलग अकरा वेळा.

“ऐकलंत?” काका म्हणाले. “अकरा गाड्या लागल्यात. एकीलाही पाटी नाही. कंट्रोलर ओरडतोय, चढा, चढा, चढा. कुठं चढा?”

पुढं सूचनाफलक आला. चिटणीसांनी तो टायपिस्टाकडून जुन्या डीटीपी फाँटात करून घेतला होता. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. तेव्हा ‘वाचकांना नम्र विनंती’च्या जागी यंत्र म्हणालं, “डब्ल्यू, कंस पूर्ण, के, स्लॅश, टक्का, स्लॅश.” हीच सूचना युनिकोडमध्ये असती तर यंत्रानं ती घडाघडा वाचली असती. वाईचा विश्वकोश वेबवर युनिकोडमध्येच आहे, काका रात्री झोप येईपर्यंत त्यातल्या नोंदी ऐकतात आणि सकाळी काकूंना माहिती देऊन हैराण करतात.

मग ‘ग्रंथशोध’. काकांनी अर्नाळकर टाईप केलं. यंत्र म्हणालं, “बटण.” पुढं पुन्हा “बटण.” मग “बटण.” कसलं, ते नाही. तीन बटणांपैकी एक शोधाचं, एक पुसण्याचं आणि एक मुखपृष्ठावर परत नेणारं. काकांनी नशिबावर हवाला ठेवून मधलं दाबलं. अर्नाळकर पुसले गेले. पुन्हा लिहिलं, तिसरं दाबलं. सनई सुरू झाली.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांना मोतीबिंदू आहे, ऑपरेशन आज करू उद्या करू चाललंय. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोरं पान कशाला उघडून बसलाय?” पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर होता. रंग चिटणीसांच्या सूनबाईंनी पसंत केले होते. काकांनी लगेच टिपण करायला सांगितलं, “मास्तर, लिहा. अक्षर आणि मागचा रंग यांत निदान साडेचारास एक इतका फरक पाहिजे. जागतिक वेब संघटनेचा नियम आहे. आणि कंसात लिहा, तक्रारदार डोळस.”

त्या संध्याकाळी अर्ज क्रमांक एक गेला. विषय, संदर्भ, मुद्दे, आणि तळाला “प्रत माहितीसाठी : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, सातारा”. काकांचे सगळे अर्ज असे असतात. ते तोंडी सांगतात, लॅपटॉप टिपून घेतो, आणि मग काका ते माईकवर बोलल्याच्या थाटात स्वतःलाच वाचून दाखवतात. तीनदा.

चिटणीसांचा पहिला बचाव असा, की तसं बघायला गेलं तर आमची संस्था खाजगी. काका म्हणाले, अनुदानाच्या वेळी तुम्ही शासनमान्य असता. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वर्ग मिळवता, वर्गाप्रमाणे अनुदान घेता, पाटीवर ‘शासनमान्य’ सोनेरी अक्षरांत लिहिता. खाजगी कधीपासून? दुसरा बचाव, की दिव्यांगांसाठी आम्ही रॅम्प केलाय. रॅम्प होता. काका काठी टेकत टेकत त्याच्यावरून गेले आणि मधोमध ‘नवीन आलेली पुस्तके’ या फलकावर आपटले. फलक बाजूला केला तर मागं चिटणीसांची स्कूटर होती.

तिसरा बचाव मात्र प्रेमाचा होता. दिव्यांगांसाठी वेगळं केंद्र काढू, आठवड्यातून एकदा, शनिवारी चार ते सहा, बोलती पुस्तकं ठेवू. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, “सांगलीच्या गाडीत सगळ्यांनी बसायचं आणि मी शनिवारी चार ते सहा वेगळ्या गाडीत? तीही गाडी कुठं जाणार, तर प्रवचनाला.” तशी सोय आधीच आहे, ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाची. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलं, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं ऑनलाइन मिळतात, काका त्याचे सभासद आहेत. त्याबद्दल त्यांचं म्हणणं इतकंच, की सुगम्य आहे म्हणून मी गावच्या वाचनालयाची वर्गणी कमी भरतो का?

१५ ऑक्टोबरला तर कळस झाला. हा दिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, कारण अब्दुल कलामांची जयंती. जगात तोच दिवस पांढऱ्या काठीचा दिन. चिटणीसांनी दोन्ही कार्यक्रम एका खर्चात बसवले आणि काकांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एक जाडजूड छापील आध्यात्मिक ग्रंथ. वक्त्यांनी काकांच्या अंतर्चक्षूंचा चार वेळा उल्लेख केला. काकांनी उत्तराच्या भाषणात ग्रंथ उचलून धरला, “हा छापील ग्रंथ मला दिल्याबद्दल आभार. माझ्यातर्फे हे बूट चिटणीससाहेबांनी डोक्यात घालावेत,” म्हणाले आणि बसले. अध्यक्षांनी घाईघाईनं राष्ट्रगीत लावलं.

काका महिन्यातून एकदा सांगलीला लेकीकडे जातात. आपण आयुष्यभर पुकारलेल्या गाडीनं जाण्यात त्यांना मौज वाटते. कंडक्टरनं थांबा पुकारला नाही की ते स्वतःच पुकारतात. आष्टा गेलं की गाडीतल्या अर्ध्या लोकांची त्यांच्याशी ओळख झालेली असते आणि उरलेल्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलेलं असतं.

सांगलीत त्यांना दुसरा चिटणीस मिळाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सत्तावन्न फुटांवर गेली आणि शहराबरोबर ग्रंथालयांतही पाणी शिरलं. १८६९ पासूनच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पुरात भिजली. पुस्तक पाण्यात गेलं की माणूस गेल्यासारखं रडणारे लोक सांगलीत तेव्हा दिसले, काकांनी ते लेकीकडून फोनवर ऐकलं होतं. तेव्हापासून जो तो म्हणायला लागला, की जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवा. लेकीच्या घराजवळच्या एका लहान वाचनालयानं खरंच केली. तिथले चिटणीस उत्साही, स्वतः रात्र-रात्र बसून पानं स्कॅन करणारे. त्यांनी काकांना अभिमानानं सांगितलं, “काका, शंभर वर्षांपूर्वीचं नाटक आहे बघा. विष्णुदास भाव्यांच्या गावात आहोत आपण. १८४३ ला इथंच पहिलं नाटक झालं.” काकांनी फाईल उघडली. यंत्र म्हणालं, “रिकामं.” पुढचं पान, “रिकामं.” एकशे वीस पानं रिकामी.

चिटणीसांचा चेहरा उतरला असावा, कारण काकांनी कधी नव्हे ते सौम्यपणे समजावलं. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोत अक्षरं असतात, पण यंत्राला ती अक्षरं म्हणून दिसत नाहीत. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर त्यावरून फिरवलं, चुका दुरुस्त केल्या, की तेच पान बोलायला लागतं. आणि बोलतं तेवढंच नव्हे, शोधताही येतं. “म्हणजे हे माझ्यासाठी नाही बरं का,” काका म्हणाले. “तुम्हालाच एखादा संवाद शोधायचा असेल तर एकशे वीस पानं उलटावी लागतील. मी फक्त आधी ओरडतो. गाडी सगळ्यांचीच चुकलेली असते.”

सांगलीचे चिटणीस वहीत लिहून घेऊ लागले. साताऱ्याचे चिटणीस अर्ज फाईलला लावत राहिले.

परत आल्यावर काकांनी पलटण उभी केली. एक निवृत्त शिक्षक, कंपवातानं हात थरथरणारे. वेबसाइटवर प्रवेश करताना येणारं कोडं ‘तुकडा सरकवून चित्र पूर्ण करा’ म्हणतं, आणि या गुरुजींचा तुकडा बोर्डाच्या परीक्षेपासून अजून सरकतोच आहे. एक ऐकू न येणारा फर्निचरवाला, ज्याला वसंत व्याख्यानमालेचे व्हिडिओ पाहायचे असतात, पण खाली मजकूर नाही, त्यामुळे गेली दोन वर्षं तो वक्त्यांचे हातवारे बघून विषय ओळखतो. माण तालुक्यातली एक मुलगी, स्पर्धा परीक्षेची, जिच्या गावात रेंज एका लिंबाच्या झाडाखालीच येते. सनई-चौघडा डाउनलोड होईपर्यंत तिचं ऊन सरकतं. आणि काकू. “दिव्यांग एक आणि बाकीचे कोण?” चिटणीसांनी विचारलं. काका म्हणाले, “प्रवासी.”

वार्षिक सर्वसाधारण सभेला आम्ही सगळे हजर होतो. अहवाल वाचन, हिशेब मंजुरी, वडे. मग शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. काका उठले. चिटणीसांनी माईक लांब सरकवला. काकांना माईक लागत नाही.

“सभासदांनी नोंद घ्यावी. ‘ग्रंथशोध’ ही गाडी कुठल्याही फलाटावर लागलेली नाही. ‘सूचनाफलक’ गाडीची पाटी परदेशी भाषेत आहे. ‘नवीन पुस्तके’ ही गाडी रॅम्पवर बंद पडलेली आहे. सभासदांची गैरसोय झाल्याबद्दल चिटणीसांना खेद नाही.”

सभा हसली. मग काकांनी कायदा काढला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, एकवीस प्रकारची दिव्यांगता, कलम ४२, छापील असो की इलेक्ट्रॉनिक, मजकूर सुगम असला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगमतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही. आणि ३० एप्रिल २०२५ ला, बँकांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या स्त्रिया आणि अंध लोक कोर्टात गेले होते, कारण मोबाइल त्यांना सांगत होता, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा. “मलाही सांगितलं,” काका म्हणाले. “म्हटलं, बाई गं, मी तरुणपणी कधी कुणाला डोळा मारला नाही. आता पेन्शनसाठी मारू?”

सभेनं ठराव केला, की कार्यकारी मंडळानं या विषयावर सहानुभूतीपूर्वक विचार करावा. ज्यांनी मराठी संस्थांच्या इतिवृत्तांत आयुष्य काढलं आहे, त्यांना कळलं की विषय संपला.

आणि तो संपलाच असता. कायद्यानं काही झालं नाही, कोर्टानं झालं नाही, अंतर्चक्षूंनी तर नाहीच. जे झालं ते दंडानं.

काकांकडे वाचनालयातली अर्नाळकरांची एक जुनी प्रत होती, जानेवारीपासून. पिवळी पडलेली, कोपरे गळलेली. ते फोनचा कॅमेरा पानावर धरत, अ‍ॅप अक्षरं ओळखून वाचून दाखवी. जुना कागद, फिकट शाई, त्यात काकांचा हात किंचित तिरका, त्यामुळे एका पानाला अर्धा तास जाई आणि खुनी दर पानाला नाव बदली. वाचनालयात ‘पुस्तकांची छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे. ग्रंथपालांनी ती दाखवायचा प्रयत्न केला. पाटी दाखवून काकांचं काही होण्यासारखं नव्हतं. उलट त्यांनीच ऐकवलं, की कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आहे, छापील वाचता न येणाऱ्यानं वाचनासाठी सुगम प्रत करणं हा भंग नव्हे. आणि याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य केला तो भारतानं. “देशानं जगात पहिला नंबर काढला आणि तुम्ही माझा फोन काढून घेताय?”

पुस्तक काही परत येईना. वाचनालय दर आठवड्याला दंडाची सूचना व्हॉट्सॲपवर धाडी. ती असे चित्राच्या रूपात. वर वीणाधारी सरस्वती, खाली गुलाबांची चौकट, मधे तिरक्या अक्षरांत थकबाकी. काकांचा फोन म्हणे, “इमेज.” काका म्हणत, “सुप्रभात आली वाटतं,” आणि पुसून टाकत. चिटणीसांनी जाब विचारला तेव्हा काकांचं उत्तर तयार होतं. सूचना मला समजेल अशा स्वरूपात मिळालेली नाही. सूचना नाही तर मुदत नाही. मुदत नाही तर दंड नाही. प्रत माहितीसाठी.

चिटणीस हा मूळचा पतसंस्थेतला माणूस. गैरसोय त्यांना समजत नव्हती, बुडीत येणं बरोबर समजलं. आणि पलटणीतल्या इतरांनीही हाच मुद्दा उचलला तेव्हा त्यांना घाम फुटला. काकूंनी तर पिवळ्यावरचं पांढरं दिसत नाही म्हणून वर्गणीच थांबवली.

दुसऱ्याच दिवशी वेबसाइट करणारा पोरगा काकांच्या दारात. कराडच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, नम्र, घाबरलेला. त्यानं आल्याआल्या सांगितलं, “काका, एक प्लगइन टाकलंय. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र येतं.” काकांनी विचारलं, “त्याला दाबलं की काय होतं?” पोरगा म्हणाला, “अक्षरं मोठी होतात.” काका म्हणाले, “माझ्यासाठी किती मोठी करणार?”

मग काकांनी लॅपटॉपचा पडदा टॉवेलानं झाकला आणि पोराला म्हणाले, “बाळा, माउस टेबलावरून काढ. आता तुझ्याच वेबसाइटवर मला एक पुस्तक शोधून दे.” पोरगा पाऊण तास झगडला. सनईपाशी अडला, अकरा लिंकांत हरवला, तीन बटणांपैकी चुकीचं दाबलं. टॉवेल काढला तेव्हा त्याचा घाम निथळत होता. काकूंनी त्याला कंदी पेढा दिला.

त्यानंतर त्यानं जे केलं त्याला ना मोठा खर्च आला ना मोठी विद्या लागली. सनई काढली. प्रत्येक चित्राला दोन शब्दांचं वर्णन दिलं, त्यामुळे अध्यक्षांना नाव मिळालं. ‘येथे क्लिक करा’च्या जागी ‘नवीन पुस्तकांची यादी’, ‘वाचनालयाची वेळ’ असं सरळ लिहिलं. सूचना युनिकोडमध्ये केल्या. बटणांना नावं दिली, मथळ्यांना मथळा म्हणून खूण केली, म्हणजे यंत्राला पानावर उड्या मारत जाता येतं. सरकवायचं कोडं काढलं. व्याख्यानांच्या व्हिडिओंखाली मजकूर आला, तेव्हा फर्निचरवाल्याला कळलं, की ज्या व्याख्यानाला तो दोन वर्षं शिवचरित्र समजत होता ते सहकार चळवळीवर होतं. माणच्या मुलीचं पान लिंबाखाली ऊन सरकायच्या आत उघडू लागलं. आणि ज्यांना दिसतं, ऐकू येतं, ज्यांचे हात स्थिर आहेत, तेही म्हणाले, “बरं झालं, आता काहीतरी सापडतं.” चिटणीसांनी याचं श्रेय कार्यकारी मंडळाला दिलं.

सगळ्यात शेवटी, चिटणीसांच्या खास आग्रहावरून, पोरानं दंडाची सूचना साध्या मजकुराच्या संदेशात केली.

पहिली सूचना गेली तेव्हा काका सांगलीच्या गाडीत होते. पेठनाका नुकताच गेला होता, गाडी भरलेली, फोनचा आवाज पूर्ण. फोननं स्पष्ट उच्चारात, कसलाही नाटकीपणा न करता, अख्ख्या गाडीला ऐकवलं, की सन्माननीय सभासद, आपल्याकडील पुस्तक ११२ दिवस मुदतबाह्य असून दंड रुपये ११२ त्वरित भरावा. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, “काका, परत एकदा लावा की, मुतारीत गेलेल्यांसाठी.” साताऱ्याचा जुना प्रवासी असावा.

काका सांगलीहून परतले ते थेट वाचनालयात. पुस्तक टेबलावर ठेवलं, खुनी कोण ते ग्रंथपालांना सांगून टाकलं, खिशातून मोजून ११२ रुपये काढले. चिटणीस स्वतः उठून उभे राहिले. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. पावती दिली, तीही मजकुराच्या संदेशात. फोननं ती वाचली. काकांनी मान डोलावली, “आकडा बरोबर.” चिटणीसांनी चहा मागवला. दोघांनी मिळून तो घेतला, आणि आम्हाला वाटलं, झालं.

सोमवारी टपालात अर्ज आला. विषय : दंड परताव्याबाबत. मजकूर असा, की खाली सही करणार यांनी आपल्या संकेतस्थळाची दिनांक अमुक रोजी पुन्हा तपासणी केली असता ‘माझी पुस्तके’ या पानावरील मुदतवाढीच्या बटणास नाव दिलेले नसल्याचे आढळून आले. स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’ असे म्हणतो. मुदतवाढ मागण्याची सोय डोळस सभासदांस उपलब्ध असताना ती अर्जदारास उपलब्ध नव्हती. सबब दंडाचे रुपये ११२ परत मिळावेत. पावती सोबत जोडली आहे. प्रत माहितीसाठी : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, सातारा.